पाच वर्षं पेटीत पडून राहिलेला बॅटरीवरचा प्रसारण सेट: पहिल्यांदा करंट देताना काय पाहायचं?

पेटीवाला
पेटीतलं सामान असं: १२ व्होल्टवर चालणारा २५ वॅटचा एफएम ट्रान्समीटर, चार चॅनेलचा मिक्सर, पेन्सिल सेलवर चालणारे दोन कॉर्डलेस माइक, लिथियम पॅकवाला एक फील्ड रेकॉर्डर आणि १२ व्होल्ट १८ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी. सगळं पाचेक वर्षं बंद होतं. माइकमधले सेल तेव्हा काढलेले नाहीत. आता फक्त झाकण उघडलंय, एकही वायर जोडलेली नाही. बॅटरी चार्ज करून सरळ सेट लावावा की आधी काही करायला हवं? क्रम सांगा.

पन्नास_ओहम
झाकण उघडून थांबलात हे उत्तम केलंत. बॅटरी आणि सेट हे दोन वेगळे रुग्ण समजा. एकाची तपासणी दुसऱ्याच्या जिवावर करायची नाही. संशयित बॅटरीवर संशयित ट्रान्समीटर लावला आणि काही बिघडलं, तर दोष कुणाचा हे कळत नाही. शिवाय १८ अँपिअर-तासाची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर देते. आत एखादा कॅपॅसिटर शॉर्ट असला तर ती विचारत बसणार नाही, पीसीबीवरचा (सुटे भाग बसवलेल्या छापील सर्किटवरचा) तांब्याचा पट्टाच उडवेल.

म्हणून क्रम असा: आधी डोळे आणि नाक, मग मीटर (करंट न देता), मग करंट-मर्यादा लावलेला बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवून देता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा), मग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती जिरवणारा रोध) ट्रान्समीटर. स्वतःची बॅटरी त्यानंतर आणि अँटेना सगळ्यात शेवटी.

डोळ्यांनी काय पाहायचं: पंख्याच्या जाळीत कोळ्याची घरटी, मुंग्यांनी आणलेली माती, उंदरांनी कुरतडलेलं इन्सुलेशन. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची टोपी फुगलेली किंवा बुडाशी तपकिरी डाग. माशाच्या वासासारखा आंबूस वास आला तर कॅपॅसिटर गळतोय असं धरा. पंखा बोटाने फिरवून बघा. बेअरिंगचं ग्रीस घट्ट झालं की पंखा जागचा हलत नाही आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापतो, पण पंखा बंद आहे हे आवाजात कुणाच्या लक्षात येत नाही. पेटीतला फोम हात लावताच चिकटत असेल तर आधी तो काढून टाका, त्याचा चिकट लगदा कनेक्टरमध्ये शिरतो.

शिसे_आणि_आम्ल
बॅटरीचं मी सांगतो. काहीही जोडण्याआधी टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ अंशांच्या आसपास महिन्याला साधारण ३ टक्के आपोआप उतरते, उष्ण जागी याहून जास्त. पाच वर्षं कुणी चार्ज केली नसेल तर फार आशा ठेवू नका, पण मोजल्याशिवाय फेकूही नका.

पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. त्याहून खाली कित्येक महिने राहिली असेल तर प्लेटवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरलेले असतात, ते सहजी परत विरघळत नाहीत.

केस फुगलेली, चिरलेली किंवा टर्मिनलपाशी ओल असेल तर चार्जिंगचा विषयच संपला. ओल असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कारण इथे सांडलेलं असतं ते आम्ल.

केस ठीक असेल तर: हवेशीर जागा, जवळ ज्योत किंवा ठिणगी नाही. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की तो पेट घेऊ शकतो. बेंच सप्लाय १४.४ व्होल्ट, करंट-मर्यादा १.८ अँपिअर. आधी क्लिप लावा आणि मग सप्लाय चालू करा, काढताना उलट. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी पडू नये म्हणून हा खटाटोप. सल्फेट धरलेली बॅटरी सुरुवातीला जेमतेम काही मिलिअँपिअर घेते. घाबरू नका, व्होल्टेज वाढवू नका, तशीच राहू द्या. जिवंत असेल तर काही तासांत करंट हळूहळू चढू लागतो. २४ तासांनंतरही करंट ढिम्म असेल तर सोडून द्या.

दर अर्ध्या तासाने केसला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नाही इतकी गरम झाली तर लगेच बंद.

चार्ज झाल्यावर सोडवून १२ तास विसावू द्या, मग पुन्हा मोजा. लगेच मोजलेला आकडा फसवतो, कारण प्लेटवर वरवरचा चार्ज असतो. मग १२ व्होल्ट २१ वॅटचा गाडीचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर घेतो. नवी १८ अँपिअर-तासाची बॅटरी तो आठ-नऊ तास ओढते. १०.५ व्होल्टला थांबायचं, त्याखाली नेऊ नका. पहिल्याच तासात ११.५ च्या खाली गेली तर ट्रान्समीटरसाठी ती निरुपयोगी, कारण ट्रान्समीटर याच्या दुप्पट करंट मागणार आहे.

खरखर
माइकमधल्या सेलचं कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते या पेटीतलं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच निघेल. अल्कलाइन सेल गळले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पांढरी भुकटी होते. ही अल्कली आहे. तिला सोडा लावून उपयोग नाही, सोडा वरच्या बॅटरीच्या आम्लासाठी. इथे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

पद्धत: हातमोजे आणि चष्मा. माइक असा धरा की सेलचा कप्पा खालच्या बाजूला राहील, नाहीतर विरघळलेली घाण पीसीबीकडे वाहते. भुकटी आधी कोरड्या ब्रशने झटका, फुंकर मारायची नाही, डोळ्यांत जाते. कानातल्या काडीचा कापूस व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला करून स्प्रिंगला लावा. फसफसेल. फसफस थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. मग डिस्टिल्ड पाण्याची काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलची, आणि पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर तसंच राहिलं तर तेच पुढे स्प्रिंग खातं.

स्प्रिंगचा निकेलचा मुलामा उडून खालचं लोखंड दिसत असेल तर स्प्रिंग बदला. आणि स्प्रिंगपासून पीसीबीकडे जाणारी वायर एक सेंटिमीटर सोलून बघा. तांबं काळं पडलेलं असेल तर अल्कली इन्सुलेशनच्या आतून वर चढली आहे. काळ्या तारेला सोल्डर धरत नाही, वरून लावलेला थेंब नुसता बसून राहतो. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा किंवा वायरच नवी टाका.

सोल्डरगंध
+१ खरखर ताई. भर घालतो: ट्रान्समीटर किंवा मिक्सरच्या पीसीबीवर मेमरीसाठी सेल असतो का ते बघा. नाण्यासारखा सीआर२०३२ असेल तर तो सहसा गळत नाही, फक्त उतरतो. पण थोड्या जुन्या सेटमध्ये पीपाच्या आकाराचा ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम पॅक पीसीबीवरच सोल्डर केलेला असतो. तो गळला की हिरवट डाग आजूबाजूच्या पट्ट्यांवर पसरतो आणि पट्ट्या खाऊन टाकतो. हिरवं दिसलं तर तो पॅक करंट देण्याआधीच काढा. कॅडमियम विषारी आहे, ती घाण खरवडून हवेत उडवू नका, ओल्या कापसाने टिपा.

रेकॉर्डरच्या लिथियम पॅकबद्दल: फुगलेला असेल, म्हणजे कप्प्यातून सरळ निघत नसेल, तर उचकटू नका आणि टोचू तर अजिबात नका. टर्मिनलवर टेप लावून वाळूच्या डब्यात बाहेर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. फुगलेला नसेल तर मोजा. एकेका सेलला ३ व्होल्टच्या वर असेल तर त्याच्याच चार्जरवर, फरशीवर, नजरेसमोर चार्ज करा. २.५ ते ३ असेल तर बरे चार्जर आधी क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने ३ पर्यंत नेतात, मग पूर्ण करंट देतात. २ च्या खाली गेलेला सेल मात्र पुन्हा चार्ज करायचाच नाही. आतलं तांबं विरघळून नंतर भलतीकडे जमतं आणि आतूनच शॉर्ट होतो. तोही लगेच नाही, कधीतरी चार्जिंगला लावून झोपल्यावर.

पेटीवाला
पॅक फुगलेला नाही, पण मीटर सरळ ०.० दाखवतोय. म्हणजे गेला?

सोल्डरगंध
तेवढ्यावरून सांगता येत नाही. पॅकमध्ये संरक्षणाचं सर्किट असतं. सेल फार उतरला की ते बाहेरचं दार बंद करतं, मग टर्मिनलला शून्य दिसतं आणि आत सेल २.७ वर असू शकतो. चार्जर लावल्यावर काही सेकंदांत व्होल्टेज दिसू लागलं आणि ते २.५ च्या वर असेल तर चार्ज होऊ द्या. दिसलंच नाही किंवा २ च्या खाली दिसलं तर टाकून द्या. वायरने थेट धक्का देऊन उठवायचे व्हिडिओ खूप फिरतात, ते इथे नकोत. दार कशासाठी बंद झालं होतं हेच मग विसरलं जातं.

पन्नास_ओहम
आता सेटला करंट देण्याकडे. आधी करंट न देता, फ्यूज काढून, सप्लायच्या दोन पिनांवर मीटर ओहमवर लावा. आकडा आधी कमी आणि मग चढत गेला तर आत कॅपॅसिटर भरतोय, हे चांगलं लक्षण. एक-दोन ओहमवर अडकून राहिला तर शॉर्ट. डायोड रेंजवर प्रोब उलट लावल्यावर ०.५-०.६ दिसेल, तो उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड, दोष नाही. दोन्ही बाजूंनी शून्य दिसलं तर मात्र तो डायोडच शॉर्ट असू शकतो. कुणीतरी कधीतरी उलटी बॅटरी लावल्याची ती खूण.

मिक्सर आधी, कारण तो स्वस्त आणि सोपा. १२ व्होल्ट, मर्यादा ३०० मिलिअँपिअर. आकडा पाटीवर लिहिलेल्या करंटच्या आसपास स्थिरावला पाहिजे.

जुना_व्हॉल्व्ह
मी तर म्हणेन व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवा, तासाभरात १२ पर्यंत. कॅपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पुन्हा बसायला वेळ मिळतो.

पन्नास_ओहम
व्हॉल्व्ह साहेब, तुमच्या ९० व्होल्ट एचटीच्या (व्हॉल्व्हच्या जास्त व्होल्टेजच्या पुरवठ्याच्या) सेटला ते बरोबर आहे. तिथे ४७ किलोओहमचा रोध मालिकेत टाकून, रोधावरचं व्होल्टेज उतरून ५-१० व्होल्टवर येईपर्यंत कॅपॅसिटर बसवतातच. पण इथे ट्रान्समीटरमध्ये स्विचिंग रेग्युलेटर आहेत. स्विचिंग रेग्युलेटरला जितकं कमी व्होल्टेज द्याल तितका तो जास्त करंट ओढतो, कारण त्याला वॅट तेवढेच हवे असतात. ६-७ व्होल्टवर तो सुरू होतो, मर्यादेवर आदळतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. टिक-टिक ऐकू येते आणि माणूस समजतो सेट बिघडला. म्हणून इथे व्होल्टेज पूर्ण द्यायचं आणि आवळायचा तो करंट. स्टँडबायच्या (सेट चालू पण ट्रान्समिट बंद असतानाच्या करंटच्या) दीडपट मर्यादा पुरते.

करंट आवळण्याचं आणखी एक कारण म्हणजे टँटलम कॅपॅसिटर, ते पिवळे किंवा केशरी थेंब. बरीच वर्षं पडून राहिल्यावर ते शॉर्ट होऊ शकतात, आणि बॅटरी मागे असेल तर ठिणगीसह जळतात. करंट कमी असेल तर दोषाची जागा कधीकधी आपोआप बरीही होते.

जुना_व्हॉल्व्ह
पटलं. पण व्हॉल्व्ह सेट कुणी उघडणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: फिलॅमेंट १.४ व्होल्टची असते. एचटीची क्लिप चुकून एलटीवर (फिलॅमेंटच्या कमी व्होल्टेजच्या पुरवठ्यावर) लागली की सगळे व्हॉल्व्ह एका झटक्यात जातात. आधी फिलॅमेंट एकटी मोजायची, मगच एचटी.

खरखर
बेंच सप्लाय नसेल तर तोच २१ वॅटचा बल्ब धन वायरमध्ये मालिकेत टाका. थंड असताना त्याचा रोध पाऊण ओहमही नसतो, तापल्यावर सातेक ओहम. पूर्ण शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, लख्ख तेवत राहिला तर बंद करा. हे फक्त स्टँडबायपुरतं. ट्रान्समिट करताना बल्ब काढावाच लागतो.

पन्नास_ओहम
आता ट्रान्समीटर. आउटपुटला ५० ओहमचा डमी लोड लावल्याशिवाय ट्रान्समिटचं बटण दाबायचं नाही, “एक सेकंद बघू” सुद्धा नाही. २५ वॅटला ५० ओहमवर शिखर व्होल्टेज ५० व्होल्ट असतं. आउटपुट उघडं असेल तर सगळी शक्ती परत येते आणि लायनीत काही ठिकाणी ते १०० पर्यंत जातं. संरक्षण सर्किट असतं, पण पाच वर्षांनी ते चालतंय की नाही हेच तर आपल्याला तपासायचंय.

लोड विकतचा १०० वॅटचा असेल तर उत्तम. घरी करायचा तर १ किलोओहम २ वॅटचे २० मेटल-ऑक्साइड रोध समांतर, म्हणजे ५० ओहम आणि नावाला ४० वॅट. तांब्याच्या दोन पाट्यांमध्ये गोलाकार लावा, पाय जितके आखूड ठेवता येतील तितके. १०० मेगाहर्ट्झला एक सेंटिमीटर तारेचे सहा ओहमच्या आसपास होतात, म्हणून लांब पायांचा लोड मीटरवर ५० दाखवतो आणि एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत फिरते याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) मात्र वाईट येतो. वायरवाउंड रोध वापरू नका, ती गुंडाळीच असते.

आधी सर्वात कमी पॉवर, १० सेकंद. बंद करून हीटसिंकला हात. मग एक मिनिट. मग पाच. मग पूर्ण पॉवर, तीसुद्धा या घरगुती लोडवर एका वेळी पाच मिनिटांच्या आत. चालू असताना आउटपुटच्या मधल्या पिनेला बोट लावू नका, आरएफचा (रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या विजेचा) चटका आत खोल बसतो. २५ वॅट बाहेर येताना ४ अँपिअरच्या आसपास करंट अपेक्षित आहे. ६ घेतोय आणि वॅट १५ च, तर आउटपुट स्टेज जळायच्या वाटेवर आहे, थांबा.

सोल्डरगंध
एक महत्त्वाचं राहिलं. मेमरीचा सेल उतरला असेल तर ट्रान्समीटर फॅक्टरीच्या फ्रीक्वेन्सीवर आणि कधीकधी पूर्ण पॉवरवर उठतो. आधी स्टँडबायमध्ये डिस्प्ले बघून फ्रीक्वेन्सी, पॉवर आणि प्री-एम्फसिस (आवाजातले उंच स्वर पाठवताना वाढवण्याची सेटिंग, ५० की ७५ मायक्रोसेकंद) कागदावर लिहा. सेल २.७ च्या खाली असेल तर बदला, पण त्यात अजून धुगधुगी असेल तर आकडे उतरवून घेतल्यावरच.

पीएलएल (फ्रीक्वेन्सी जागेवर धरून ठेवणारं सर्किट) लॉकचा दिवा पेटल्याशिवाय आउटपुट चालू करू नका. लॉक सुटलेला ट्रान्समीटर सरकत १०८ च्या वर जाऊ शकतो आणि १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा विमानांचा पट्टा. तिथे डमी लोडमधून झिरपलेलं थोडंसंसुद्धा नको. आणि परवान्याशिवाय अँटेनावर जायचं नाही, चाचणी म्हणूनही नाही. डमी लोड असल्यावर तशी गरजही पडत नाही.

पेटीवाला
सर्वांचे आभार. आकडे देतो.
बॅटरी: सुरुवातीला ६.८. चार्ज करून १२ तास विसावल्यावर १०.६.
मिक्सर: १४० मिलिअँपिअर, आवाज साफ, दोन फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खरखरतात.
ट्रान्समीटर: स्टँडबाय ०.३८ अँपिअर, २ वॅटवर लॉक टिकतो. २५ वॅटवर नेताच लॉकचा दिवा विझतो आणि आउटपुट कट होतं, पुन्हा पुन्हा. बेंच सप्लायवर १२.६ व्होल्ट आणि कट होण्याआधी ४ अँपिअर दिसतात. सप्लायपासून सेटपर्यंत त्याचीच ५ मीटर, १ चौरस मिलिमीटरची केबल आहे.

शिसे_आणि_आम्ल
१०.६ म्हणजे सहापैकी एक सेल शॉर्ट. आता ती पुन्हा चार्जरला लावू नका. १४.४ व्होल्ट पाचच सेलवर वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी २.९ च्या आसपास. ते उकळतात, तापतात आणि बॅटरी फुगते. टर्मिनलवर टेप लावून भंगारात नव्हे, बॅटरी परत घेणाऱ्याकडे द्या.

पन्नास_ओहम
फेडरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा वरखाली करा, बहुतेक वेळा भागतं.

ट्रान्समीटरबद्दल: सप्लायचा आकडा सोडा, ट्रान्समीटरच्या पिनांवर ट्रान्समिट करतानाच व्होल्टेज मोजा.

पेटीवाला
कट होण्याआधी पिनांवर १०.९.

पन्नास_ओहम
सापडलं. १२.६ वजा १०.९ म्हणजे वाटेत १.७ व्होल्ट खर्ची पडतात. केबलचं गणित करा: १ चौरस मिलिमीटरला मीटरमागे ०.०१८ ओहम, जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१८. चार अँपिअरला ०.७ व्होल्ट. उरलेला एक व्होल्ट कुठल्यातरी एकाच सांध्यावर पडतोय. म्हणजे त्या ठिपक्याएवढ्या जागेत ४ वॅट उष्णता. २५ वॅटवर असताना मीटर एकेका सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावत जा: क्लिप, फ्यूज होल्डर, प्लग. धडधाकट सांध्यावर काही मिलिव्होल्टच असतात.

पेटीवाला
फ्यूज होल्डर. ०.९५ व्होल्ट. आतल्या पत्त्या हिरव्या आहेत.

पन्नास_ओहम
कानशीने घासून परत लावू नका. मुलामा गेलेल्या पत्त्या चार महिन्यांत पुन्हा तिथेच येतील. नवा ब्लेड फ्यूज होल्डर, ७.५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात, म्हणजे पुढची वायर कुठेही शॉर्ट झाली तरी फ्यूज आधी जाईल. केबलही २.५ चौरस मिलिमीटरची घेतलीत तर ०.७ चे ०.३ होतील. बॅटरीवर हे जास्त जाणवतं, कारण तिथे १२.६ फार वेळ मिळत नाही.

पेटीवाला
होल्डर बदलला, केबल तीच. पिनांवर ११.८, पाच मिनिटं २५ वॅट, लॉक पक्का. अँटेनाची कोअ‍ॅक्स (मधली तार आणि भोवती जाळी असलेली केबल) ट्रान्समीटरपासून काढून मीटर लावला तर मधली पिन आणि जाळी थेट शॉर्ट दाखवतात. कोअ‍ॅक्सही गेली का?

खरखर
दुसऱ्या टोकाला अँटेना जोडलेली असेल तर घाई करू नका. फोल्डेड डायपोलसारख्या (दोन्ही टोकं वळवून जोडलेल्या बंद वेढ्याच्या) अँटेना डीसीला, म्हणजे मीटरला, शॉर्टच दिसतात. अँटेना सोडवून कोअ‍ॅक्स एकटी मोजा, तेव्हा शॉर्ट नको. मग दुसऱ्या टोकाला डमी लोड लावून, वाटेत एसडब्ल्यूआर मीटर ठेवून, २ वॅटवर बघा. १.५ म्हणजे ४ टक्के परत येतं, ते चालेल. ३ म्हणजे २५ टक्के, तेव्हा कनेक्टर उघडून जाळी काळी पडली आहे का ते पाहा. पाणी शिरलेली कोअ‍ॅक्स टोकाला काळी दिसते, आणि ती वाळवून सुधारत नाही.

पेटीवाला
अँटेना सोडवल्यावर शॉर्ट गेला. लोड लावून १.२.